अंगावरून वारं कोणाच्या जातं?

माझे आजोबा ५८व्या वर्षी गेले. सकाळी आंघोळीचं पाणी काढताना हातातला तांब्या सुटला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि दुपारपर्यंत वाचा गेली. ‘अंगावरून वारं गेलं’ एवढंच निदान तेव्हा गावात होतं. पुढे थोरल्या काकांचंही तसंच झालं, ६१व्या वर्षी. मग घरात एक वाक्य कायमचं मुक्कामाला आलं: आपल्या घराण्यातच आहे ते. दोन वर्षांपूर्वी चुलतभावाला रात्री दवाखान्यात नेलं, तेव्हा त्याचं वय ४४. न्यूरॉलॉजिस्टनी सीटी स्कॅनची फिल्म दिव्यासमोर धरली. करड्या मेंदूत आतल्या बाजूला सुपारीएवढा पांढराशुभ्र डाग होता. ‘हा रक्तस्राव. गुठळी असती तर पहिल्या काही तासांत इथे फारसं काही दिसलंच नसतं.’ मग त्यांनी विचारलं, ‘बीपीची गोळी चालू होती का?’ होती. दोन महिन्यांपूर्वी बंद केली होती, बरं वाटत होतं म्हणून.

एकाच माणसाच्या आजाराची ही दोन उत्तरं, घराणं आणि गोळी. गेली साठ-सत्तर वर्षं जगभरचे संशोधक याच दोन उत्तरांमध्ये येरझारा घालत आहेत, फक्त त्यांच्यासमोर घराण्याऐवजी अख्खे जनसमूह आहेत. काही समाजांत पक्षाघात अधिक का होतो? दहा-पंधरा वर्षं आधी का होतो? एका समाजात मेंदूतली रक्तवाहिनी फुटते आणि दुसऱ्यात ती तुंबते, असं का? माझं मत आधीच सांगून टाकतो. हे फरक खरे आहेत, मोठे आहेत आणि ते नाकारून कोणाचंच भलं होणार नाही. पण ‘त्यांच्या रक्तातच आहे’ असं म्हणून जिथे जिथे चौकशी थांबली, तिथे टाळता येण्यासारखे मृत्यू होत राहिले.

आधी प्रकारांबद्दल थोडं. स्ट्रोक हा एक आजार नाही, ते एका परिणामाचं नाव आहे. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते, हा पहिला प्रकार. ती फुटून मेंदूत रक्त साचतं, हा दुसरा. मेंदूच्या आवरणाखाली धमनीवरचा फुगा फुटतो, हा तिसरा. तो कमी आढळतो आणि फार घातक असतो. अमेरिकेत १००पैकी सुमारे ८७ स्ट्रोक गुठळीचे असतात. चीन, जपान आणि आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत मात्र रक्तस्रावाचा वाटा पाव ते एक तृतीयांशापर्यंत जातो. गुठळीतही पोटप्रकार आहेत: हृदयातून सुटून आलेली, मानेतल्या मोठ्या धमनीतून आलेली, कवटीच्या आतल्या धमनीत तयार झालेली किंवा मेंदूच्या खोल भागातल्या केसाएवढ्या वाहिन्या बुजल्याने झालेली. कोणत्या समाजात यातलं काय जास्त, इथेच वांशिक फरकाचा खरा तपशील दडलेला आहे.

या प्रश्नाचा सर्वांत बोलका धडा जपानने दिला. १९५१ ते १९८० या काळात जपानमध्ये मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण स्ट्रोक हे होतं. मृत्यूच्या दाखल्यांवर बहुतेक ठिकाणी मेंदूतला रक्तस्राव असं लिहिलेलं असे. गुठळीच्या तुलनेत हे प्रमाण इतकं प्रचंड होतं की पाश्चात्त्य तज्ज्ञांना दाखल्यांचीच शंका आली. शंका रास्त होती. सीटी स्कॅनचं यंत्र लंडनमधल्या एका रुग्णालयात पहिल्यांदा वापरलं गेलं ते १९७१ मध्ये. त्याआधी रक्तवाहिनी फुटली की तुंबली हे खात्रीने सांगायचं तर शवविच्छेदन हाच मार्ग होता. म्हणून क्यूशू विद्यापीठाने १९६१ मध्ये फुकुओकाजवळच्या हिसायामा या लहानशा गावात अभ्यास सुरू केला. चाळिशीपुढच्या गावकऱ्यांची नियमित तपासणी करायची आणि कोणी वारलं की घरच्यांची संमती घेऊन शवविच्छेदन करायचं. दर पाच मृतांपैकी जवळपास चौघांचं शवविच्छेदन होऊ शकलं. आपल्याकडच्या माणसाने हा आकडा दोनदा वाचावा. आई-वडिलांचा देह डॉक्टरांच्या हाती देण्यासाठी त्या गावाने किती विश्वास टाकला असेल! त्यातून कळलं की गुठळीचे झटके रक्तस्रावापेक्षा अधिक होते. जपानी मेंदूचं म्हणून जे वैशिष्ट्य सांगितलं जात होतं, त्यातला बराच भाग दाखला लिहिण्याच्या सवयीचा होता.

तरीही सगळा फरक कागदावरचा नव्हता. रक्तस्राव आणि एकूणच स्ट्रोक जपानमध्ये, विशेषतः ईशान्येच्या अकितासारख्या थंड प्रांतांत, खरोखरच जास्त होते. तिथला शेतकरी हिवाळाभर लोणच्यावर, मिसोच्या कढणावर आणि खारवलेल्या मासळीवर काढायचा. उत्तर जपानमध्ये माणशी रोजचं मीठ २५ ग्रॅमच्या पुढे जात होतं. जागतिक आरोग्य संघटनेची आजची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत आहे, म्हणजे जेमतेम एक चमचा. त्यात दूध, मांस, स्निग्ध पदार्थ अगदी कमी. कोलेस्टेरॉल फारच कमी आणि बीपी फारच जास्त, ही जोडी मेंदूतल्या बारीक धमन्यांना फुटण्याच्या वाटेवर नेते हे याच जपानी अभ्यासांतून पुढे आलं. कोलेस्टेरॉल जितकं खाली तितकं बरं, असं सरसकट मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

मग १९६५च्या सुमारास एक अभ्यास सुरू झाला, निहोनसान नावाचा. निप्पॉन, होनोलुलू आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव. हिरोशिमा-नागासाकीत राहिलेले जपानी पुरुष, हवाईत स्थायिक झालेले जपानी पुरुष (हे आठ हजारांवर होते) आणि कॅलिफोर्नियात गेलेले जपानी पुरुष. वंश एकच, ताटं तीन. स्ट्रोक जपानमध्ये राहिलेल्यांना अधिक, तर हृदयविकार कॅलिफोर्नियात गेलेल्यांना अधिक. एका पिढीत आजाराने दिशा बदलली होती. दरम्यान मायदेशी जपाननेही मनावर घेतलं. अकितातल्या इकावासारख्या गावांत १९६३ पासून घरोघर बीपी तपासणं, गोळ्या देणं, मीठ कमी करायला शिकवणं सुरू झालं. देशभर आहार बदलला, फ्रिज आले, खारवण्याची गरज कमी झाली. १९६५च्या आसपास शिखरावर असलेला स्ट्रोकचा मृत्युदर पुढच्या काही दशकांत ८० टक्क्यांहून अधिक उतरला. जनुकं तीच होती.

अमेरिकेची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे आणि अधिक वेदनादायक. न्यूयॉर्कच्या उत्तर मॅनहॅटनमध्ये राल्फ सॅको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच वस्तीत राहणाऱ्या गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोकांची नोंद ठेवली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे: वय जुळवून पाहिलं तर कृष्णवर्णीयांत स्ट्रोकचं प्रमाण गोऱ्यांच्या २.४ पट, हिस्पॅनिकांत दुप्पट. त्याहून मोठा अभ्यास अलाबामा विद्यापीठाचा ‘रिगार्ड्स’. २००३ ते २००७ मध्ये त्यात ३०,२३९ माणसं घेतली गेली. पंचेचाळिशीच्या आसपास कृष्णवर्णीयांचा धोका गोऱ्यांच्या तिप्पट-चौपट आणि पंच्याऐंशीला पोचेपर्यंत फरक जवळपास पुसला जातो, हे त्यातून नेमकं दिसलं. म्हणजे कर्त्या वयातली माणसं जातात. घर उभं राहत असताना, मुलं शाळेत असताना.

रिगार्ड्सने पुढचा प्रश्न विचारला: हा फरक बीपी, मधुमेह, धूम्रपान, उत्पन्न, शिक्षण यांनी किती समजतो? उत्तर आलं, साधारण निम्मा. उरलेल्या निम्म्यावर अजून वाद चालू आहे. त्यातला एक धागा फार महत्त्वाचा वाटतो. वरचं बीपी १० अंकांनी वाढलं की गोऱ्यांत स्ट्रोकचा धोका ८ टक्क्यांनी वाढतो, कृष्णवर्णीयांत २४ टक्क्यांनी. आकडा तोच, घाव तिप्पट. हे ऐकून लगेच जनुकांकडे धाव घ्यावीशी वाटते. पण बीपी तिशीत सुरू झालं की पन्नाशीत, मधल्या वीस वर्षांत ते किती दिवस खरोखर आटोक्यात होतं, रात्री उतरत होतं का, हे एका दिवशी दंडाला पट्टा बांधून कळत नाही. त्याच अभ्यासात असंही दिसलं की कृष्णवर्णीयांना आपल्याला बीपी आहे हे गोऱ्यांपेक्षा जास्त वेळा माहीत होतं, ते गोळ्याही जास्त घेत होते, तरी बीपी आटोक्यात असलेले मात्र कमी होते.

शिवाय अमेरिकेच्या आग्नेयेला एक अख्खा पट्टा आहे, त्याला तिकडे ‘स्ट्रोक बेल्ट’च म्हणतात. उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी, अर्कान्सा, लुईझियाना. इथे स्ट्रोकने मरण्याचं प्रमाण उरलेल्या देशापेक्षा अधिक आहे आणि ते गोऱ्यांतही अधिक आहे. कातडीच्या रंगावर सगळं ठरत असतं, तर गोऱ्या माणसाला राज्य बदलल्याने काही फरक पडायला नको होता.

कृष्णवर्णीयांच्या बीपीबद्दल एक सिद्धान्त बरीच वर्षं चालला. गुलामांच्या जहाजांवर अतिसार आणि तहानेने माणसं मेली, शरीरात मीठ धरून ठेवणारेच जगले, म्हणून त्यांच्या वंशजांना बीपी. ऐकायला पटतं. १९९२ मध्ये इतिहासकार फिलिप कर्टिन यांनी त्यामागचा ऐतिहासिक पुरावाच तपासला आणि तो टिकत नाही हे दाखवलं. पाच वर्षांनी शिकागोच्या रिचर्ड कूपर यांच्या गटाने मोजमापच पुढे ठेवलं. एकाच पद्धतीने, एकाच प्रकारे शिकवलेल्या लोकांकडून पश्चिम आफ्रिका, कॅरिबियन बेटं आणि शिकागोजवळचं मेवूड इथे बीपी मोजलं. उच्च रक्तदाब पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के, कॅरिबियनमध्ये २६, अमेरिकेत ३३. मूळ एकच, पण अटलांटिक ओलांडून जसजसं पुढे जावं तसतसा आकडा चढतो. पुढे २००५ मध्ये याच गटाने युरोपातले आकडे शेजारी मांडले, तर जर्मनी आणि फिनलंडच्या गोऱ्यांत बीपीचं प्रमाण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांहूनही जास्त निघालं. या विषयावर मी जे काही वाचलं, त्यात मला या दोन तक्त्यांनी सर्वांत जास्त हलवलं. खुद्द आफ्रिकेतही टांझानियाचं उदाहरण आहे. वयोमान जुळवल्यावर ग्रामीण हाई जिल्ह्यात स्ट्रोकचं वार्षिक प्रमाण लाखामागे सुमारे १०९, तर दार-ए-सलाम शहरात ३१६.

ब्रिटनमध्ये आपली माणसं या आकडेवारीत येतात. लंडनच्या साउथॉल-ब्रेंट भागात १९८८ पासून पाठपुरावा केलेल्या समूहात दक्षिण आशियाई आणि आफ्रिकन-कॅरिबियन दोघांतही स्ट्रोकचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास दीडपट निघालं. मधुमेह असला तर धोका या दोन्ही समूहांत गोऱ्यांपेक्षा अधिक वाढत होता. गंमत वाटावी असा एक भाग म्हणजे हृदयाची लय बिघडवणारं एट्रियल फिब्रिलेशन दक्षिण आशियाई आणि कृष्णवर्णीय लोकांत गोऱ्यांपेक्षा कमी आढळतं. म्हणजे हृदयातून सुटून आलेल्या गुठळ्या तुलनेने कमी, बारीक वाहिन्यांचे आणि कवटीतल्या धमन्यांचे विकार अधिक.

या कवटीतल्या धमन्यांचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण उपचार त्यावर ठरतात. गोऱ्यांत चरबीचे थर बहुधा मानेतल्या कॅरोटिड धमनीत साठतात. चिनी, जपानी, कोरियन, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि आपण भारतीय यांच्यात ते कवटीच्या आतल्या धमन्यांत साठण्याचं प्रमाण बरंच जास्त. मानेतली धमनी सर्जन उघडून साफ करू शकतो. आतली तशी करता येत नाही. तिथे स्टेंट टाकून पाहिला, पण २०११ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत स्टेंट टाकलेल्यांना औषधांवर ठेवलेल्यांपेक्षा जास्त झटके आले आणि चाचणी थांबवावी लागली. त्यामुळे आपल्या रुग्णाची फक्त मानेची सोनोग्राफी करून ‘ब्लॉकेज नाही’ म्हणणं अपुरं आहे. कवटीच्या आतही पाहायला हवं. वांशिक फरकाची माहिती कामाला येते ती इथे. कुठे शोधायचं ते ती सांगते.

जनुकांचा वाटा मी उडवून लावत नाही. जपान-कोरियात मोयामोया नावाचा विकार आढळतो. मेंदूच्या तळाच्या धमन्या हळूहळू बंद होतात, त्यांच्याभोवती बारीक वाहिन्यांचं जाळं फुटतं आणि अँजिओग्राफीत ते धुराच्या झोतासारखं दिसतं. १९६९ मध्ये सुझुकी आणि ताकाकू यांनी तेच नाव दिलं. २०११ मध्ये त्यामागचा आरएनएफ२१३ या जनुकातला बदल सापडला. विदर्भ आणि नंदुरबारच्या वाचकांना सिकलसेल सांगायला नको. आफ्रिकी वंशाच्या सिकलसेलग्रस्त मुलांत उपचार नसतील तर विसाव्या वर्षापर्यंत दर १००पैकी ११ जणांना स्ट्रोक येतो. १९९८ मध्ये एका चाचणीने दाखवलं की डोक्यावर सोनोग्राफीचं यंत्र लावून रक्ताचा वेग मोजायचा, तो सेकंदाला २०० सेंटिमीटरच्या वर असेल तर नियमित रक्त द्यायचं, एवढ्याने हा धोका ९० टक्क्यांहून अधिक घटतो. शुद्ध जनुकीय आजार, तरी अटळ नाही. आपल्याकडच्या सिकलसेलमध्ये गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, त्यामुळे स्ट्रोक तुलनेने कमी दिसतात.

आणि आइसलँड. तिथे काही कुटुंबांत सिस्टॅटिन-सी नावाच्या प्रथिनाच्या जनुकात बदल आहे. ज्याला तो मिळाला, तो साधारण तिशीत मेंदूतल्या रक्तस्रावाने जातो. एका जनुकाचा, एका बेटाचा आजार. याहून आनुवंशिक काय असेल? पण आइसलँडमध्ये वंशावळी शतकानुशतकं लिहिलेल्या आहेत. त्या चाळून २००८ मध्ये संशोधकांनी दाखवलं की १८२५ च्या आसपास जन्मलेले, हाच बदल वाहणारे लोक साठी ओलांडून जगत होते, आपल्या जोडीदारांइतकंच. शतकभरात जन्मलेल्या पुढच्या पिढ्यांत हे आयुष्य घटत घटत निम्म्यावर आलं. त्याच काळात तिथे आयात धान्य, साखर आणि मीठ घरोघर पोचलं. संशोधकांचा संशय त्या बदललेल्या राहणीवर आहे.

आता आपल्याकडे. मुंबईत १९८५ मध्ये पारशी कॉलन्यांतल्या १४,०१० लोकांची घरोघर पाहणी झाली. लाखामागे ८४२ जणांना कधी ना कधी स्ट्रोक झालेला निघाला. हा आकडा पारशी रक्ताबद्दल काही सांगतो असं समजणं चूक ठरेल. त्या समाजात म्हातारी माणसं फार, आणि स्ट्रोक हा वयाबरोबर वाढणारा आजार. वय जुळवल्याशिवाय दोन समाजांची तुलना करू नये, हे याहून सोप्या उदाहरणाने सांगता येत नाही. २००५-०६ मध्ये डॉ. दलाल आणि सहकाऱ्यांनी मुंबईत स्ट्रोकची नोंदवही ठेवली. वर्षाला लाखामागे १४५ नवे रुग्ण. त्यांत सुमारे ८० टक्के गुठळीचे, १८ टक्के रक्तस्रावाचे. पहिल्या २८ दिवसांत १०० पैकी जवळपास ३० जण दगावले.

ही झाली महानगराची स्थिती, जिथे स्कॅन अर्ध्या तासावर आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. हिवताप, न्यूमोनिया, कुपोषण यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या भागात मृत्यूचं पहिलं कारण स्ट्रोक निघालं: १४.३ टक्के, म्हणजे सातातला एक मृत्यू. त्यातले बहुतेक घरीच झाले. श्रीमंतांचा, शहरी, बैठ्या माणसाचा आजार अशी जी समजूत आपण उराशी धरून आहोत, ती या एका आकड्यापुढे उभी राहत नाही. शेतात राबणाऱ्या, काटक शरीराच्या माणसालाही न मोजलेलं बीपी मारतं.

एक प्रकार मात्र आपल्या मातीत फार काळ रुजलेला होता: बाळंतिणीचा स्ट्रोक. यात धमनी नव्हे, मेंदूतून रक्त परत नेणारी शीर गुठळीने बंद होते. बाळंतपणानंतर रक्त गोठण्याची प्रवृत्ती तशीही वाढलेली असते. त्यात रक्ताची कमतरता, आणि वर घरातला नियम की पोट सुटेल म्हणून बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं. माझ्या आईने मला सांगितलेलं आहे की तिला दिवसाला मोजून दोन पेले कोमट पाणी मिळे आणि रात्री ती ओला फडका ओठांवर फिरवायची. भारतातल्या रुग्णालयांत तरुण स्त्रियांमधल्या स्ट्रोकचं हे दीर्घकाळ एक मोठं कारण होतं. प्रसूती दवाखान्यात होऊ लागल्या, पाणी पिऊ दिलं जाऊ लागलं, तसं ते प्रमाण उतरलं. भारतीय स्त्रीच्या वंशाचा दोष म्हणून कोणी ते लिहून ठेवलं असतं, तर पाण्याचा तांब्या कोणाला सुचला असता?

औषधांतही हे फरक येतात आणि तिथे ते टाळून चालत नाही. स्ट्रोकनंतर सर्रास दिली जाणारी क्लोपिडोग्रेल ही गोळी यकृतातल्या एका एन्झाइमने कार्यक्षम होते. ते एन्झाइम कमी चालवणारा जनुकीय बदल युरोपीय लोकांत साधारण चौथ्या हिश्शात, पूर्व आशियात निम्म्याहून अधिकांत आणि ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई लोकांतही निम्म्याहून अधिकांत आढळला आहे. गुठळी विरघळवणाऱ्या अल्टेप्लेजचा डोस जपानने किलोमागे ०.६ मिलिग्रॅम ठेवला, बाकी जग ०.९ देतं, रक्तस्रावाची भीती हे कारण. २०२२ मधला स्ट्रोकच्या जनुकांचा सर्वांत मोठा अभ्यास १,१०,१८२ रुग्णांचा होता, त्यातले सुमारे एक तृतीयांशच युरोपबाहेरच्या वंशांचे. स्ट्रोकचं ओझं मात्र आशिया-आफ्रिकेवर आहे. आपल्याला दिलेल्या गोळ्यांचं मोजमाप इतरांच्या शरीरांवर झालेलं आहे, ही तक्रार खरी आहे आणि ती मोठ्याने करायला हवी.

मिठाबाबत चीनमधल्या ६०० गावांतही एक प्रयोग झाला, २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. जवळपास २१ हजार माणसं, बहुतेकांना आधी स्ट्रोक झालेला किंवा बीपी असलेलं. अर्ध्या गावांत नेहमीचं मीठ राहू दिलं, अर्ध्यांत पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ दिलं. पाच वर्षांत स्ट्रोक १४ टक्क्यांनी कमी. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी असं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, हे जोडून सांगायलाच हवं.

चुलतभाऊ आता काठी घेऊन चालतो, उजव्या हाताने सही करू शकत नाही, बँकेत अंगठा देतो. मागच्या दिवाळीला सगळी भावंडं जमलो, तेव्हा वहिनीने फराळाच्या ताटाशेजारी बीपीचं मशीन आणून ठेवलं आणि एकेकाला बसवलं. आम्ही सात जण. चौघांचं बीपी वर होतं. त्यातल्या दोघांनी तोवर कधी मोजलंच नव्हतं, आणि त्या दोघांत मी एक होतो.